मार्टिन ल्युथर किंग कचरा कामगारांच्या संपात का गेले होते? (१४ एप्रिलला बोलायचंय, मदत हवी)

सुरंगी

जय भीम, नमस्कार सगळ्यांना. एरवी मी इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आमच्या वाडीच्या बुद्धविहारात १४ एप्रिलला कार्यक्रम असतो, मुंबईची चाकरमानी मंडळी पण येतात, यंदा कमिटीने मला दहा मिनिटं दिलीत आणि विषय तुझा तू ठरव म्हणाले. मी मार्टिन ल्युथर किंग ठरवलाय, अमेरिकेत काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढलेले. का ते सांगते.

माझे आप्पा कोकणातल्या एका नगरपरिषदेत सफाई कामगार होते, एकतीस वर्षं, गेल्या जूनमध्ये रिटायर झाले. मध्यंतरी मोबाईलवर एक जुना फोटो आला, काळी माणसं एका ओळीत चाललीयेत, सगळ्यांच्या अंगावर पाट्या आणि सगळ्या पाट्यांवर एकच वाक्य, "मी माणूस आहे". शेजारी बंदुकांना संगिनी लावलेले सैनिक. आप्पांनी चष्मा लावला, फोटो बोटाने मोठा केला आणि विचारलं हे कोण गं. खाली लिहिलं होतं ते मी वाचून दाखवलं, अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातले कचरा उचलणारे कामगार, १९६८ चा संप. आप्पा एवढंच म्हणाले, "तिथंपण?"

मग मी शोधायला लागले तर कळलं की किंग यांचा खून झाला तेव्हा ते याच कामगारांसाठी तिथे आले होते. मला हे कोणी कधी सांगितलंच नव्हतं! शाळेत आम्हाला एवढंच होतं की वॉशिंग्टनला स्वप्नाचं भाषण केलं, नोबेल मिळालं, गोळी घातली. एवढा जगात नाव झालेला माणूस एका शहराच्या कचरा कामगारांसाठी का गेला, त्या कामगारांचं नेमकं काय झालं होतं, ते शेवटी जिंकले का, हे कोणी साध्या भाषेत सांगेल का. समोर मासे विकणाऱ्या बायका असतील, ऐंशीच्या वरच्या आज्या असतील, आणि पहिल्या रांगेत आप्पा.

वाचणारी_बाई

सुरंगी, विषय खूप चांगला निवडलास. मी सांगते मला माहीत आहे तेवढं, लांबेल पण वाच.

सुरुवात पावसापासून कर, कोकणातल्या माणसाला लगेच कळेल. १ फेब्रुवारी १९६८, मेम्फिसमध्ये धो धो पाऊस. कचऱ्याच्या गाडीवरचे दोन कामगार, एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर, पावसातून आडोसा म्हणून गाडीच्या मागच्या पोटात शिरले, जिथे कचरा दाबतात तिथेच. पुढे केबिनमध्ये जागा नव्हती आणि गोऱ्यांच्या वस्तीत कोणाच्या घराच्या ओट्यावर काळ्या कामगारांनी उभं राहिलेलं चालायचं नाही. गाडी जुनी, दाबायचं यंत्र आपोआप चालू झालं आणि दोघंही आत चिरडून मेले. गाड्या खराब आहेत म्हणून कामगार आधीपासून ओरडत होते, कोणी ऐकलं नव्हतं.

त्याच्या एक-दोन दिवस आधी अजून एक प्रकार झाला होता. पाऊस आहे म्हणून गटाराच्या कामावरच्या काळ्या कामगारांना घरी पाठवलं आणि त्यांचा पगार कापला, गोरे मुकादम मात्र बसून राहिले आणि त्यांना पूर्ण पगार. म्हणजे पावसात काम करा तर मरा आणि नाही केलं तर उपाशी राहा. १२ फेब्रुवारीला साधारण १३०० कामगार कामावर गेलेच नाहीत. त्यांचा पगार इतका कमी होता की पूर्णवेळ नोकरी करूनही कितीतरी जणांना सरकारी मदतीवर घर चालवावं लागायचं. गळक्या टोपल्या डोक्यावर घेऊन लोकांच्या परसातून कचरा आणायचा, त्याचं पाणी मानेवरून अंगात जायचं, घरी गेल्यावर दारातच कपडे काढावे लागायचे. आणि साठीच्या माणसालाही "ए पोरा" म्हणून हाक मारायचे. म्हणून ती पाटी गं. पगारवाढ हवीच होती, युनियनला मान्यता हवी होती, पण पाटीवर काय लिहिलं बघ.

आता किंग का गेले. त्यांना १९६४ ला नोबेल मिळालं तेव्हा वय ३५, बक्षिसाचे ५४ हजार डॉलर त्यांनी चळवळीला देऊन टाकले. १९६४ मध्ये भेदभावाविरुद्धचा मोठा कायदा झाला, १९६५ मध्ये मतदानाचा कायदा झाला. इथे थांबले असते तर आयुष्यभर हारतुरे मिळाले असते. पण त्यांचं म्हणणं असं होतं की हॉटेलात शेजारी बसायचा हक्क मिळाला पण खिशात जेवणाचे पैसे नसतील तर त्या हक्काचं करायचं काय. १९६६ मध्ये ते शिकागोला काळ्यांच्या घरांच्या प्रश्नावर गेले, तिथे मोर्चात त्यांच्या डोक्यात दगड बसला. ४ एप्रिल १९६७ ला व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात उघड बोलले, तेव्हा मोठमोठी वर्तमानपत्रं तुटून पडली, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन दुरावले, स्वतःचे काही सहकारीसुद्धा म्हणाले की हे कशाला. एफबीआय, म्हणजे त्यांची केंद्र सरकारची तपास यंत्रणा, तर फोन ऐकतच होती. म्हणजे शेवटच्या वर्षी हा माणूस आज पुतळ्यात दिसतो तसा सर्वांचा लाडका अजिबात नव्हता, एकटा पडत चालला होता. आणि त्या वेळेला ते काळे, गोरे, मेक्सिकन, मूळ निवासी अशा सगळ्या गरिबांना घेऊन वॉशिंग्टनला जायची मोहीम आखत होते. त्या गडबडीत मेम्फिसहून बोलावणं आलं. बरोबरचे लोक म्हणाले वेळ नाही, एका शहराचा संप आहे, नको जाऊ. ते गेले. ज्या गरिबांसाठी मोहीम काढायची तेच रस्त्यावर उभे असताना पुढे कसं जायचं, असं साधं आहे ते.

२८ मार्चचा मोर्चा बिघडला, काचा फुटल्या, पोलिसांनी १६ वर्षांच्या लॅरी पेन नावाच्या मुलाला गोळी घालून मारलं. किंग फार खचले होते. तरी परत आले, मोर्चा शांततेत काढून दाखवायचा म्हणून. ३ एप्रिलच्या रात्री वादळी पाऊस होता, ते इतके थकले होते की सभेला स्वतःऐवजी त्यांनी मित्राला, राल्फ अ‍ॅबरनथींना पाठवलं. अ‍ॅबरनथींनी हॉलमधून फोन केला की लोक एवढ्या पावसात तुमच्यासाठी आलेत, या. ते आले आणि कागद न घेता बोलले.

त्या भाषणातली एक गोष्ट नक्की सांग. १९५८ मध्ये न्यूयॉर्कला एका मनाने आजारी बाईने त्यांच्या छातीत पत्र फोडायची सुरी खुपसली होती. टोक हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिनीला टेकलेलं, डॉक्टर म्हणाले नुसते शिंकला असतात तरी संपला असतात. तेव्हा नववीतल्या एका गोऱ्या मुलीने पत्र लिहिलं की मी गोरी आहे, त्याने काही फरक पडू नये, तुम्ही शिंकला नाहीत याचा मला आनंद झाला. मेम्फिसच्या त्या सभेत किंग म्हणत गेले की मी शिंकलो असतो तर हे बघायला नसतो, शिंकलो असतो तर ते बघायला नसतो, एकेक आंदोलनाचं नाव घेत, आणि शेवटी, की मी शिंकलो असतो तर आज मेम्फिसमध्ये या भावांसाठी जमलेले तुम्ही मला दिसला नसतात. दुसऱ्या दिवशी ४ एप्रिलला संध्याकाळी ६ वाजून १ मिनिटाने लॉरेन मॉटेलच्या सज्जात गोळी लागली. वय ३९.

आणि हो, जिंकले. ८ एप्रिलला, म्हणजे नवऱ्याला जाऊन चार दिवस झालेले, अजून दफन व्हायचं होतं, कोरेटा किंग मुलांना घेऊन मेम्फिसला आल्या आणि तो राहिलेला मोर्चा काढला, हजारो लोक, आणि सगळे शांत. १६ एप्रिलला शहराने युनियन मान्य केली, पगार वाढवला.

स्पष्ट_बोलतो

सगळं ठीक आहे, माहिती चांगली दिलीत, पण एक विचारतो, राग मानू नका. १४ एप्रिलला बाबासाहेबांच्या जयंतीला किंग कशाला? किंग स्वतः म्हणायचे की मी गांधींच्या मार्गाने चालतो. १९५९ ला भारतात आले तेव्हा मुंबईला मणिभवनला गेले, राजघाटला गेले, विनोबांना भेटले. बाबासाहेब १९५६ ला गेलेले, म्हणजे भेट शक्य नव्हती, पण त्यांच्याबद्दल किंग काय बोलले सांगा. आमच्या पोरांना आमचा इतिहास अजून नीट माहीत नाही. महाडला दरवर्षी जाणाऱ्यातल्या निम्म्यांना सुरबानाना टिपणीस, सत्याग्रहाला साथ देणारे महाड नगरपालिकेचे अध्यक्ष, कोण हे सांगता येत नाही. दहा मिनिटंच आहेत तर ती घरच्या माणसांना द्या असं माझं मत.

चवदारकाठी

स्पष्ट_बोलतो, मी महाडचाच आहे, तळ्यापासून पाच मिनिटांवर घर. तुमचा मुद्दा मला पटतो आणि तरी मला वाटतं तिने किंगवर बोलावं, कारण दोन्ही गोष्टी एकमेकांशेजारी ठेवल्या की जास्त उजेड पडतो.

किंग गांधींना मानायचे हे खरंच आहे, ते झाकायचं कारण नाही. पण भारतातल्या त्या दौऱ्यातली एक गोष्ट त्यांनी स्वतः ४ जुलै १९६५ च्या प्रवचनात सांगितलीये. केरळात एका शाळेत गेले, तिथली बरीचशी मुलं अस्पृश्य समाजातली. मुख्याध्यापकांनी ओळख करून दिली, मुलांनो, हे अमेरिकेतून आलेले तुमच्यासारखेच एक अस्पृश्य. किंग म्हणतात मला क्षणभर धक्का बसला, थोडा रागही आला, मला अस्पृश्य म्हणतात? मग त्यांच्या डोळ्यासमोर देशातले दोन कोटी काळे लोक आले, कोंडलेल्या वस्त्या, नीट घर नाही, नीट शाळा नाही, आणि ते मनात म्हणाले, होय, मी अस्पृश्यच आहे. डॉक्टरेट झालेला, पंतप्रधान नेहरूंबरोबर जेवून आलेला माणूस हे म्हणतोय. बाबासाहेब कोलंबियातून शिकून बडोद्याला आले तेव्हा त्यांना राहायला खोली मिळाली नव्हती, ते आठवा.

आणि आपल्या बाजूनेही ही ओळख आधीच होती. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळ्यांचे मोठे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिलं की तुमची आणि आमची स्थिती इतकी सारखी आहे की तुमचा अभ्यास करणं आम्हाला नुसतं स्वाभाविक नाही तर गरजेचं आहे. त्यांचं उत्तरही आलं. आता सांगा, स्वतः बाबासाहेब गरजेचं म्हणतायत तर १४ एप्रिलला हे बोलायला हरकत काय.

महाडचं थोडं सांगतो म्हणजे सुरंगीताईला जोडता येईल. १९२३ ला रावबहादूर बोले यांनी मुंबईच्या कौन्सिलात ठराव आणला की सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला. कागदावर तळं खुलं, पण उतरायची कोणाची छाती नाही. दासगावचे रामचंद्र मोरे आणि बाकीच्यांनी मेहनत घेतली, १९ आणि २० मार्च १९२७ ला परिषद भरली. परिषदेला आलेल्या लोकांना प्यायला पाणी कोणी देईना, चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं, १९२७ चे चाळीस रुपये! २० तारखेला सगळे रांगेने तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. नंतर अफवा उठवली की हे देवळात घुसणार, आणि जेवत असलेल्या, गावाला परत निघालेल्या लोकांना लाठ्यांनी मारलं. मग तळं शुद्ध करायला १०८ घागरी ओतल्या, दूध, दही, शेण, गोमूत्र. हायकोर्टाचा निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडलं. दहा वर्षं.

मी लहान असताना आजी मला तळ्याच्या पायरीवर बसवून सांगायची की पाणी गोड होतं म्हणून नाही प्यायलो, आम्ही पण माणसं आहोत हे सांगायला प्यायलो. तिला काही मेम्फिस माहीत नव्हतं. पण पाटीवरचं वाक्य तिचंच आहे की नाही?

अजून एक, हे महाराष्ट्रातल्या फार कमी लोकांना माहीत आहे. किंगना मेम्फिसला बोलावणारे पाद्री जेम्स लॉसन हे आपल्या नागपूरला राहून गेलेले. कोरियाच्या युद्धात लष्करात जायला नकार दिला म्हणून अमेरिकेत तुरुंगात होते, सुटल्यावर मिशनरी म्हणून १९५३ ला नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आले, तीनेक वर्षं होते. अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात काळ्या लोकांनी भेदभावाविरुद्ध बसवर बहिष्कार घातल्याची बातमी त्यांनी नागपूरच्या पेपरात वाचली. परत गेल्यावर किंग भेटले, म्हणाले दक्षिणेत या, आत्ताच या, तुमच्यासारखं कोणी नाही. पुढे नॅशव्हिल शहरातल्या पोरांना, काळ्यांना बसू देत नसत त्या हॉटेलच्या काउंटरवर बसायचं, मार खायचा पण उलट हात उगारायचा नाही, याचं ट्रेनिंग लॉसननी दिलं, आणि १९६८ ला मेम्फिसच्या संपाच्या कमिटीचं काम तेच बघत होते. ते अगदी आत्ता २०२४ ला वारले.

मालवणी_मास्तर

सुरंगीताय, समोर बायका बसतले म्हणतंस तर माँटगोमेरीचा पण सांग, नायतर पुरुषांचीच गोष्ट होतली.

थोडक्यात लिवतो, प्रमाणभाषेतच, म्हणजे सगळ्यांना वाचता येईल. १ डिसेंबर १९५५ ला रोझा पार्क्स बसमध्ये गोऱ्या माणसासाठी उठल्या नाहीत, अटक झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये क्लॉडेट कॉल्विन ही १५ वर्षांची मुलगी पण अशीच उठली नव्हती, तिचं नाव कोणी घेत नाही, पण कोर्टात ज्या केसवर बसमधला भेदभाव गेला त्यात ती होती. रोझा पार्क्सना अटक झाली त्याच रात्री कॉलेजात शिकवणाऱ्या जो अ‍ॅन रॉबिन्सन यांनी जागून हजारो पत्रकं छापली की सोमवारी बसमध्ये बसू नका. किंग तेव्हा २६ वर्षांचे, गावात नवीन आलेले पाद्री, त्यांना अध्यक्ष केलं. ३८१ दिवस लोक बसमध्ये चढले नाहीत. वर्षाच्याही वर, विचार करा. धुणीभांडी करणाऱ्या बायका मैलोनमैल चालत कामाला जायच्या. एका म्हातारीला विचारलं दमलीस का, तर म्हणाली पाय दमलेत पण जीवाला विसावा आहे.

ज्यांच्याकडे गाड्या होत्या त्यांनी लोकांना नेआण केली, त्या गाड्यांचा विमा रद्द करायला लावला तर शेवटी लंडनहून विमा काढला. पेट्रोलला पैसे कुठनं? जॉर्जिया गिलमोर नावाची एक स्वयंपाकीण होती, ती आणि तिच्या मैत्रिणी तळलेलं चिकन, केक, पाई (सारण भरून भाजलेला पदार्थ) करून विकायच्या आणि पैसे चळवळीला द्यायच्या. कोणी दिले विचारलं तर "कुठूनच नाही" म्हणायच्या, कारण नाव कळलं तर कामावरून काढतील. त्या गटाचं नावच पडलं "कुठलाच नसलेला क्लब". आमच्याकडच्या बचतगटाच्या बायकांना मी ही गोष्ट सांगितली होती, कोकम सरबत आणि कुळथाचं पीठ विकणाऱ्या बायका, त्यांनी ती दोनदा सांगायला लावली.

आणि ३८१ दिवस म्हणजे आपल्याला परकं नाही हां. अलिबागजवळ चरीचा शेतकऱ्यांचा संप १९३३ ला सुरू झाला, नारायण नागू पाटलांनी चालवलेला, खोतांची जमीन कसायचीच नाही म्हणून सहा वर्षं शेतं पडीक ठेवली लोकांनी. बाबासाहेब स्वतः चरीला जाऊन शेतकऱ्यांच्या सभेत बोलले आणि १९३७ ला खोती बंद करायचं बिल त्यांनी मुंबईच्या असेंब्लीत मांडलं. स्पष्ट_बोलतो, तुमका हवी ती घरची माणसा हीच ना?

खलाशी_दाभोळ

सलाम सर्वांना. मी जहाजावर छत्तीस वर्षं काढली, आता घरीच असतो. मुलगी अटलांटाला असते, दोन वर्षांपूर्वी गेलो होतो तेव्हा जावयाने गाडीने मेम्फिसला नेलं, सहा-साडेसहा तास लागले. ती जागा डोळ्याने बघितली म्हणून लिहितो.

ते लॉरेन मॉटेल १९९१ पासून म्युझियम आहे पण बाहेरून अगदी तसंच ठेवलंय. आपल्या हायवेवरच्या जुन्या लॉजसारखं दोन मजली, खोल्यांची दारं बाहेरच्या गॅलरीत उघडतात. ३०६ नंबरच्या खोलीसमोर कठड्याला फुलांचं चक्र लावलंय, खाली त्या वेळेसारख्या दोन जुन्या पांढऱ्या गाड्या उभ्या आहेत. मला वाटलेलं मोठी इमारत असेल. एवढीशी गॅलरी. समोर रस्त्यापलीकडची इमारत, जिथून गोळी झाडली, ती पण म्युझियममध्येच आहे, आणि अंतर एवढं कमी की बघून माझ्या पोटात गोळा आला. जेम्स अर्ल रे नावाचा माणूस, दोन महिन्यांनी लंडनच्या विमानतळावर पकडला, गुन्हा कबूल केला म्हणून ९९ वर्षांची शिक्षा झाली, नंतर कबुली फिरवली, १९९८ ला शिक्षा भोगत असतानाच मेला. किंगच्या घरच्या लोकांचा त्याच्यावर विश्वास बसला होता की यामागे अजून लोक होते. ते असो, सुरंगीबेटी, तू मारेकऱ्यावर वेळ घालवू नको.

आतमध्ये कचऱ्याची गाडी ठेवलीये आणि पाट्या धरलेले कामगार. एक गोष्ट फोटोत पटकन लक्षात येत नाही ती सांगतो. इंग्रजीत चार शब्द आहेत आणि त्यातल्या "आहे" या शब्दाखाली रेघ मारलेली आहे. माणूस या शब्दाखाली नाही, "आहे" खाली. मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. आम्ही पण जहाजावर कितीतरी वर्षं नावाने नाही, हुद्द्याने नाहीतर "ए इंडियन" अशा हाकेने जगलो, तेव्हा त्या रेघेचा अर्थ मला कोणी समजावून द्यावा लागला नाही.

अटलांटाला त्यांची कबर पण बघितली. निळ्या पाण्याच्या मधोमध, नवरा-बायको दोघांची, बाजूला बापाचं चर्च. त्या चर्चमध्ये १९७४ ला त्यांच्या आईला पण गोळी घातली, प्रार्थनेच्या वेळी ऑर्गन वाजवत असताना. बापाने मुलगा पण पुरला आणि बायको पण. एवढं होऊन तो म्हातारा द्वेष करणार नाही म्हणाला. माझ्याने ते झालं नसतं.

स्पष्ट_बोलतो

चवदारकाठी, ड्युबॉइस यांच्या पत्राचं मला माहीत होतं पण या संदर्भात डोक्यात आलं नव्हतं, चरीचंही तसंच. मी माझं म्हणणं मागे घेतो. फक्त सुरंगी, एक कर, महाडची तारीख आणि मोरे, टिपणीस ही नावं घे. ती घेतलीस की बाकी काहीही बोल.

सुरंगी

सगळ्यांचे किती आभार मानू कळत नाहीये, मी तीन दिवस हेच परत परत वाचतेय. नावं नक्की घेईन दादा, वहीत लिहून ठेवलीत.

काल रात्री जेवणं झाल्यावर आप्पांना सगळं वाचून दाखवलं. पावसाचा भाग आला तेव्हा त्यांनी मला थांबवलं. म्हणाले आमचं पण तेच होतं, केबिनमध्ये ड्रायव्हर आणि एक मुकादम, आम्ही चौघं मागे कचऱ्यावर. जुलैच्या पावसात ताडपत्री डोक्यावर धरून उभे राहायचे, एका हाताने ताडपत्री आणि एका हाताने गाडीचा दांडा. रेनकोट एक वर्ष ऑगस्टमध्ये मिळाले होते, तेही सगळे एकाच मापाचे. हातमोजे मागितले तर ऐकवलं की तुम्हाला सवय आहे. हे मला माहीतच नव्हतं. एकतीस वर्षं हे घरात कधी बोलले नाहीत, आम्ही झोपेतून उठायच्या आधी जायचे आणि आल्यावर मागच्या दारी न्हाणीत आंघोळ करूनच घरात यायचे, आम्हाला वाटायचं स्वच्छतेची आवड आहे.

मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, त्या दोघांच्या घरच्यांना काय मिळालं? मला उत्तर देता आलं नाही. कोणाला माहीत आहे का?

वाचणारी_बाई

माहीत आहे, सांगते. ते दोघं कायम कामगार धरलेले नव्हते, तासावरचे होते, त्यामुळे अपघाताची भरपाई लागू नव्हती. शहराने प्रत्येक घराला अंत्यविधीसाठी ५०० डॉलर आणि एक महिन्याचा पगार दिला, बस. रॉबर्ट वॉकर यांची बायको तेव्हा गरोदर होती.

आणि अजून एक आहे, ते आप्पांना सांग. संप जिंकल्यावर कामगारांनी शहराच्या पेन्शनऐवजी केंद्र सरकारची सोशल सिक्युरिटी (म्हातारपणी मिळणारी रक्कम) घेतली होती, ती रक्कम पुढे पुरेना, त्यामुळे त्यातले काहीजण पार म्हातारे होईपर्यंत कचऱ्याच्या गाडीवर काम करत राहिले. २०१७ मध्ये शहराने हयात असलेल्या संपकऱ्यांना प्रत्येकी ५० हजार डॉलर द्यायचं ठरवलं. एकोणपन्नास वर्षांनी.

सुरंगी

सांगितलं. आप्पा बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले त्या दोघांची नावं परत वाच. एकोल कोल, रॉबर्ट वॉकर. त्यांनी दोनदा म्हणून बघितली.

आज सकाळी दुकानातून फ्रीजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा घेऊन आलेत. पाटी ते स्वतः लिहिणार आहेत, त्यांचं अक्षर चांगलं आहे, वाडीतले जयंतीचे फलक पूर्वी तेच रंगवायचे. खलाशीचाचा, तुम्ही सांगितलं तसं "आहे" खाली रेघ मारायचीये हे त्यांना सांगितलंय, ते म्हणाले रेघेला लाल रंग लागेल, निळा घरात आहे, लाल आणायला आत्ता बाजारात गेलेत.